रोडरोलरचा आवाज

अण्णांनी ते मशीन घरात पहिल्यांदा चालू केलं तेव्हा माझी मुलगी आतल्या खोलीत चित्र रंगवत बसली होती. हातातला खडू न ठेवताच ती धावत बाहेर आली आणि दारातूनच ओरडली, "आई, टँकर बोलतोय!"

बाहेरच्या खोलीत टँकर नव्हता. माझे वडील खुर्चीत बसले होते. त्यांच्या हातात छोट्या टॉर्चएवढी एक चंदेरी नळी होती आणि तिचं तोंड त्यांनी हनुवटीखाली गळ्याला टेकवलं होतं. ते आईला फक्त "चहा टाक" म्हणाले होते. नातीचं ओरडणं ऐकून त्यांनी बटणावरचं बोट काढलं, नळी डब्यात ठेवली, झाकण लावलं आणि डबा कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर नेऊन ठेवला. पुढचे बरेच दिवस तो खाली आला नाही.

टँकर कोण, ते आधी सांगते. बेंगळुरूत महादेवपुऱ्यातल्या एका अॅनिमेशन स्टुडिओत मी संवाद लिहिते. इथल्याच एका खेळण्यांच्या कंपनीनं एक रोबो बाजारात आणला होता. प्लॅस्टिकचा, वीतभर उंचीचा. त्याचे पाय दुमडून एकमेकांना जोडले, हात पोटात सरकवले आणि डोकं खाली दाबलं की त्याचा पाण्याचा टँकर व्हायचा. बेंगळुरूच्या पोरांना रेसिंगच्या गाड्यांपेक्षा पाण्याचा टँकर जास्त ओळखीचा, असं त्या कंपनीच्या मालकांचं म्हणणं होतं, आणि ते चुकीचं नव्हतं. खेळणं खपावं म्हणून त्याची छोटी छोटी कार्टून बनत होती. ती आधी हिंदीत लिहिली जायची, मग मी ती मराठीत आणि कन्नडात आणायची. टँकरला तोंड नव्हतं. कपाळावर दिव्यांची एक पट्टी होती, तो बोलायला लागला की ती लुकलुकायची. त्यामुळे ओठांच्या हालचालीशी शब्द जुळवायची भानगड मला नव्हती. पट्टी विझायच्या आत वाक्य संपलं की झालं.

आता अण्णा. घरात आम्ही वडिलांना अण्णा म्हणतो आणि चिकपेटेच्या बाजारात आमच्या दुकानाच्या गल्लीतले हमालसुद्धा त्यांना अण्णाच म्हणतात. आमचं घराणं इथं कधी आलं ते घरात कुणालाच नीट सांगता येत नाही. देवघरात आणि स्वयंपाकघरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, अशीच आम्ही वाढलो. अण्णांचं साड्यांचं दुकान आहे. गादीवर मांडी घालून बसायचं, एका झटक्यात साडी उलगडायची आणि ती गादीवर पसरेपर्यंत पदर, काठ, पोत, कुठल्या लग्नात कशी दिसेल, सगळं सांगून टाकायचं, ही त्यांची पद्धत. गिऱ्हाइकाच्या तोंडून नकार निघायच्या आत दुसरी साडी उलगडलेली असायची. आवाज चढा नव्हता, पण गल्लीतल्या गोंगाटातूनही तो नेमका ऐकू यायचा.

तो आवाज आधी बसला. आठवडे गेले तरी उठेना. काढे झाले, गुळण्या झाल्या, मग तपासण्या झाल्या आणि स्वरयंत्रात कॅन्सर निघाला. स्वरयंत्र सगळंच काढावं लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं. यापुढं श्वास गळ्याच्या खालच्या बाजूला केलेल्या भोकातून घ्यायचा. नाकातोंडाचा आणि छातीचा संबंध संपणार. डॉक्टर समजावत होते आणि आई पदराचं टोक पिळत होती. अण्णा म्हणाले, "आधी जीव वाचू दे. बोलायचं काय ते मागाहून बघू."

आणि खरंच, ते मागाहून बघायची वेळ आली तेव्हा सगळ्यांचीच पंचाईत झाली. जखम भरली, किरणं देऊन झाली, अण्णा चालायला-फिरायला लागले. पण बोलणं नाही. कुजबुजही नाही, कारण कुजबुजायलाही छातीतली हवा तोंडापर्यंत यावी लागते. आई त्यांचे ओठ वाचायला शिकली. कुणी भेटायला आलं की अण्णा ओठ हलवायचे आणि आई सांगायची, "हे म्हणतायत की आता बरं आहे." कधी कधी ती स्वतःच्या मनातलंही त्यात घालायची. "हे म्हणतायत की दुकान आता भाड्यानं देऊन टाकावं," असं ती एकदा माझ्या मावशीला म्हणाली, तेव्हा अण्णांनी खुर्चीच्या हातावर असा तळहात मारला की मावशीच्या बशीतला चहा सांडला.

ते मशीन हॉस्पिटलातल्या स्पीच थेरपिस्ट बाईंनी दिलं होतं. बटण दाबलं की त्यातून एकसारखी गुणगुण निघते. ते गळ्याला नेमक्या जागी टेकवलं की ती गुणगुण आत तोंडात पोचते, आणि मग जीभ आणि ओठ तिचे शब्द करतात. त्यांनी अण्णांना ते लावायला शिकवलं होतं. अण्णांनी ते हॉस्पिटलातून घरी येताना रिक्षात लावून बघितलं. डावीकडं वळायला सांगायचं होतं. रिक्षावाला दचकून मागं वळला आणि म्हणाला, "फोन आ सार?" फोन वाजतोय का, असं त्याला विचारायचं होतं. त्यानंतर घरातला तो पहिला चहा आणि माझ्या मुलीचं ओरडणं.

तिला मात्र आपण काही वाईट बोललो असं वाटलंच नव्हतं. टँकर तिचा सगळ्यात लाडका होता. आजोबा टँकरसारखे बोलायला लागले, ही तिच्या लेखी घरात घडलेली सगळ्यात मोठी गोष्ट होती, आणि मोठी माणसं ती कपाटात का ठेवून देतात हे तिला कळत नव्हतं. तिनं बरेच दिवस वाट बघितली. मग एका रविवारी सकाळी ती टॅब्लेट आणि खेळणं घेऊन आजोबांच्या खुर्चीला टेकून बसली.

"आजोबा, तू हे बघ," ती म्हणाली. "तू बघितलंच नाहीयेस अजून."

अण्णांनी चष्मा लावला. पहिला भाग बघून झाल्यावर त्यांनी बोटानं पुन्हा लाव अशी खूण केली. त्यांना मारामारीत रस नव्हता. टँकरचा रोबो होताना काय काय कुठून निघतं ते ते बघत होते, आणि हातात खेळणं घेऊन तसंच होतं का ते पडताळत होते. "इथं चाक गायब होतं," असं त्यांनी मला खुणेनं दाखवलं. खरं होतं. कार्टूनमध्ये मागची चाकं सोयीस्करपणे नाहीशी व्हायची, खेळण्यात ती पोटऱ्यांवर तशीच राहायची. मग टँकर बोलायला लागला तशी अण्णांनी मान तिरकी केली. ते उठले, स्टूल ओढलं आणि कपाटावरून डबा काढला.

"याजा आवाज गुणाजा?" त्यांनी विचारलं.

मला दोनदा विचारावं लागलं. सुरुवातीला त्यांचा क आणि ग सारखाच यायचा, च आणि ज सारखाच. याचा आवाज कुणाचा, असं ते विचारत होते.

"एक नाटकातले गृहस्थ आहेत, ते बोलतात," मी म्हणाले. "मग कॉम्प्युटरवर त्यांच्या आवाजातले चढउतार काढून टाकतात. सगळा सपाट करतात आणि वर थोडी घरघर घालतात."

"मुद्दाम?"

"हो, मुद्दाम. त्याचे वेगळे पैसे लागतात."

अण्णांचे खांदे हलायला लागले. ऑपरेशननंतर त्यांच्या हसण्याला आवाज नव्हता, नुसते खांदे हलायचे. बराच वेळ हलत राहिले. मग त्यांनी नळी पुन्हा गळ्याला लावली. "माझं फुकटात झालं," ते म्हणाले, आणि हे वाक्य आम्हा सगळ्यांना पहिल्याच झटक्यात कळलं.

त्या दिवसापासून डबा खालच्या फळीवर आला. माझ्या मुलीनं सरावाची सगळी सूत्रं हातात घेतली. शाळेतून आली की ती खेळण्यातला टँकर फरशीवरून चालवत आणायची, त्याचा रोबो करायची आणि आजोबांकडं बघायची. मग अण्णांनी टँकरचं नेहमीचं वाक्य म्हणायचं: "पाणी आलं, बाजूला व्हा!"

"बाणी नाही आजोबा. पाणी."

"बाणी."

"बाण म्हणजे तो धनुष्यातला. प म्हण. प."

अण्णा ओठ घट्ट मिटायचे, गाल फुगवायचे आणि पुन्हा प्रयत्न करायचे. ते पुन्हा थेरपिस्ट बाईंकडं गेले, या वेळी स्वतःहून. बाईंनी त्यांना दाखवलं की बटण दाबायच्या क्षणभर आधी ओठांत हवा कोंडायची आणि ती ओठ उघडताना फट्‌कन सोडायची, म्हणजे प होतो. फुप्फुसातली हवा नसली तरी तोंडातली असतेच. क साठी हेच जिभेच्या मागच्या भागानं करायचं. वाक्य संपलं की बटण सोडायचं, नाहीतर शेवटच्या शब्दाला शेपूट फुटतं. गळ्याची जागाही त्यांनी बदलून दिली, कारण किरणांमुळे उजवी बाजू कडक झाली होती. अण्णांनी हे सगळं दुकानात नवा माल समजून घेतात तसं समजून घेतलं. रोज सकाळी पेपर वाचायचे तो आता मोठ्यानं वाचायला लागले. आमच्या शेजारच्या अक्का पहिल्या दिवशी मिक्सर बिघडलाय का विचारायला आल्या. दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत.

ह मात्र काही केल्या येईना. ह ला छातीचा श्वासच लागतो. "हो" चं "ओ" व्हायचं, "हात" चं "आत". नात हट्टाला पेटली तेव्हा अण्णा म्हणाले, "हे बघ, कन्नडात लोक हौदुला औदु म्हणतातच. कन्नडात मी ठणठणीत आहे." हौदु म्हणजे हो. त्यांचं हे बोलणंही ह शिवायच आलं होतं, पण नातीनं ते चालवून घेतलं.

याच सुमारास स्टुडिओत रोडरोलरचा भाग आला. गोष्ट अशी होती: डेपोच्या मागं एक जुनाट रोडरोलर गंजत पडलाय. तोही रूप बदलणारा रोबो आहे, पण अगदी पहिल्या बनावटीचा. त्याचा आवाज खरखरीत आहे, तो काय म्हणतो ते छोट्या रोबोंना कळत नाही आणि तो बोलला की ते हसतात. तो सांगतो की उड्डाणपुलाखालचा रस्ता आतून पोकळ झालाय, जाऊ नका. कुणी ऐकत नाही. टँकर त्या खड्ड्यात अडकतो आणि रोडरोलरच त्याला ओढून काढतो. शेवटी तो काहीतरी शहाणपणाचं बोलतो आणि सगळे पुन्हा हसतात.

आमचा डबिंग डायरेक्टर पुण्याहून आलेला, माझ्यापेक्षा बराच तरुण. तो माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, "अगं, रोडरोलरचा व्हॉइस काही जमत नाहीये. इफेक्ट मारला की तो टँकरसारखाच साउंड होतो. ओल्ड वाटत नाही."

माझ्या फोनमध्ये अण्णांनी म्हटलेलं "पाणी आलं, बाजूला व्हा" होतं. मुलीनंच रेकॉर्ड केलेलं. मी त्याला हेडफोन दिले. त्यानं दोनदा ऐकलं.

"हा कुठला इफेक्ट आहे?"

"इफेक्ट नाही. माझे वडील बोलतायत."

त्यानं हेडफोन हळूच काढून टेबलावर ठेवले. मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "काका येतील का?" मी म्हणाले, विचारते.

घरी विचारलं तेव्हा अण्णांनी आधी स्क्रिप्ट मागितलं. जेवणानंतर चष्मा लावून पूर्ण वाचलं. मग नळी उचलली.

"ही पोरं का असतात?" त्यांना हसतात म्हणायचं होतं.

"विनोद आहे अण्णा. तो काय बोलतो ते त्यांना कळत नाही, म्हणून."

"कळत नाही म्हणून?"

"हो."

त्यांनी स्क्रिप्टची पानं पुन्हा उलटली. "सुरुवातीला असू दे," ते म्हणाले. "तसं ओतंच. पण रस्ता पोकळ आहे असं तो सांगतो, तेव्हा नको. आणि शेवटी तर अजिबात नको."

आई भांडी आवरत होती. "अहो, लहान मुलांचं कार्टून आहे ते," ती म्हणाली.

"मोठ्यांचं असतं तर सोडलं असतं," अण्णा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी हे स्टुडिओत मांडलं. डायरेक्टरनं कपाळाला हात लावला. चित्रं तयार झाली होती. छोट्या रोबोंचे खांदे हलतात, दिवे लुकलुकतात, ते सगळं पक्कं झालं होतं आणि त्यातली एक चौकट बदलायची म्हटलं तरी कंपनीची परवानगी लागणार होती. "पिक्चर लॉक आहे, आता काहीच होऊ शकत नाही," तो म्हणाला. "आणि काकांना सांग ना, पर्सनली घेऊ नका."

"ते पर्सनली घेत नाहीयेत," मी म्हणाले. "त्यांना ते वाक्य ऐकू जावं असं वाटतंय."

तो दुसऱ्या कामाला निघून गेला. मी तिथंच बसून ती दृश्यं आवाज बंद करून पुन्हा पुन्हा बघितली. रोबोंना तोंडं नव्हती. ते हसत होते हे फक्त आवाजावरून कळत होतं. आवाज काढला की उरत होते नुसते हलणारे खांदे. रोज घरी मी तेच बघत होते, आवाजाविना हलणारे खांदे. पण इथं ते खांदे लोखंडाचे होते. मी आमच्या साउंड इंजिनियरला बोलावलं. तो तुमकूरचा, कमी बोलणारा माणूस. मी कन्नडात विचारलं, "हसण्याऐवजी इथं इंजिन चालू होत नाहीये असा आवाज टाकला तर? थंडीत गाडी गुरगुरते आणि बंद पडते, तसा?"

त्यानं आपल्या साठ्यातून जुन्या टेम्पोचा एक आवाज काढला आणि त्या खांद्यांवर ठेवला. आम्ही बघितलं. रोडरोलर म्हणतो, रस्ता पोकळ आहे, जाऊ नका. छोटे रोबो घाबरून गुरगुरतात, त्यांची इंजिनं धड चालू होत नाहीत, आणि तरी ते जातात. गोष्ट उलट जास्त पटण्यासारखी झाली. शेवटच्या दृश्यात त्यानं काहीच टाकलं नाही. नुसता लांबून येणारा वाहतुकीचा आवाज.

डायरेक्टरला दाखवलं. तो खुर्चीत मागं रेलला. "हिंदीत असं करता येणार नाही. हिंदी अप्रूव्ह झालंय."

"मराठी आणि कन्नड माझ्याकडं आहेत," मी म्हणाले. "त्या दोन्हींत राहू दे. कंपनीनं नाही म्हटलं तर मी स्वतः त्यांच्याशी बोलेन."

"तू फार हट्टी आहेस," तो म्हणाला. पण त्यानं ते कंपनीला पाठवलं, आणि तिकडून मान्य असल्याचं उत्तर आलं. कुणी नीट बघितलं होतं की नाही, देव जाणे.

रेकॉर्डिंगच्या दिवशी अण्णा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. गळ्यावरच्या भोकापुढं आईनं शिवलेला सुती पडदा होता. काचेच्या खोलीत त्यांना एकट्यानं बसायचं होतं. इंजिनियरनं आवाज ऐकून भुवया उंचावल्या. नळीची गुणगुण थेट मायक्रोफोनमध्ये शिरत होती आणि शब्द तिच्याखाली दबत होते. त्यानं ती गुणगुण कमी करून बघितली तर शब्दही गेले. शेवटी मायक्रोफोन वर घेऊन नाकासमोर लावला आणि अण्णांना नळी जरा मागं, जबड्याखाली धरायला सांगितली.

दोन वाक्यं झाली आणि अण्णांना खोकला आला. खोकला तोंडातून न येता गळ्यातून आला. डायरेक्टर घाबरून उठला आणि दाराकडं धावला. अण्णांनी हात वर करून त्याला थांबवलं, रुमालानं पडद्याखाली पुसून घेतलं, श्वास पूर्ववत होईपर्यंत थांबले आणि मग नळी लावून म्हणाले, "घाबरू नका. माझं नाक इथं आहे." मग इंजिनियरकडं बघून, "स्वल्प इरी." थोडं थांबा. इंजिनियर म्हणाला, "सरी, ठीक आहे सर, सावकाश." तिथून पुढं तो त्यांच्या खुणेशिवाय रेकॉर्डिंगचं बटण दाबत नव्हता.

एका वाक्यात माझी चूक निघाली. मी "हळू चला" लिहिलं होतं. अण्णांनी ते "अळू चला" असं म्हटलं आणि स्वतःच थांबले. काचेतून माझ्याकडं बघून म्हणाले, "भाजी झाली." मी ते खोडून "सावकाश जा" केलं. घरात इतके दिवस त्यांच्याशी बोलूनही माझ्या हातून तो ह सुटला होता. मग मी सगळं स्क्रिप्ट पुन्हा चाळलं आणि जिथं जिथं ह होता तिथं दुसरा शब्द शोधला. "रस्ता पोकळ आहे" चं "रस्ता आतून पोकळ" झालं. "मी इथंच आहे" चं "मी इथंच उभा". त्यामुळे रोडरोलरचं बोलणं तोडकं आणि ठाम झालं.

शेवटचं वाक्य होतं, "पुन्हा सांगीन. कळेपर्यंत सांगीन." "पुन्हा"मधला ह काढून मी "परत सांगीन" केलं होतं. अण्णांनी ते म्हटलं. डायरेक्टर म्हणाला, "परफेक्ट काका, ओके." अण्णांनी नकारार्थी मान हलवली. त्यांना क नीट आला नव्हता, कळेपर्यंतचं गळेपर्यंत झालं होतं. मला ते बाहेरच्या स्पीकरवर कळलं नव्हतं, त्यांना कळलं होतं. पुन्हा केलं. पुन्हा नाही. त्यांच्या गळ्यावर नळीचा लाल गोल उमटला होता. मी आत जाऊन म्हणाले, "अण्णा, उद्या करू." त्यांनी नळी डाव्या हातात घेतली, उजव्यानं मला बाहेर जायची खूण केली आणि डोळे मिटून बसले. ओठ हलवून, आवाज न करता, ते नुसता क जुळवत होते. मग बोट वर केलं. या वेळी क फट्‌कन आला, वाक्य नेमकं संपलं आणि बटण वेळेवर सुटलं. इंजिनियरनं काचेतून अंगठा दाखवला.

भाग आला त्या दिवशी आम्ही घरातल्या टीव्हीवर तो मराठीत लावला. रोडरोलरनं आपलं लोखंडी चाक पोटाशी ओढून घेतलं, पाठ सरळ केली, उभा राहिला आणि अण्णांच्या आवाजात बोलायला लागला. माझी मुलगी सोफ्यावर उभीच राहिली. अण्णा दोन्ही हात मांडीवर ठेवून, परीक्षकासारखे बघत होते. संपल्यावर त्यांनी आईकडं पाहिलं.

आई जरा अवघडली. "चांगलं झालंय," ती म्हणाली. "पण मधलं ते पुलाचं वाक्य मला कळलं नाही."

"आजी, एवढं सोपं तर आहे!" मुलगी म्हणाली.

"तुला कळलं असेल. मला नाही. त्याला तोंडच नाही ना. इतके दिवस मी ह्यांचे ओठ बघून समजत होते," आई म्हणाली. तिचं तिलाच ते तेव्हा उमगलं असावं.

अण्णा त्यावर रागावले नाहीत. दुसऱ्या सकाळी ते स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची टाकून बसले आणि आईला म्हणाले, "तू तिकडं तोंड कर. वळायचं नाही." आई ओट्याकडं तोंड करून पोळ्या लाटायची आणि अण्णा मागून बोलायचे. पेपरातली बातमी, दुकानातली आठवण, कधी नुसती भाज्यांची नावं. कळलं नाही तर आईनं "काय?" म्हणायचं, वळायचं नाही. पहिल्या दिवशी तिनं इतके "काय" म्हटले की शेवटी दोघं चिडले आणि पोळी करपली. तरी त्यांनी ते सोडलं नाही. आईचं "काय" हळूहळू कमी झालं. एके दिवशी तिनं न वळता त्यांना उलट उत्तर दिलं, आणि दोघांचं चांगलंच भांडण जुंपलं. गेल्या वर्षभरात आमच्या घरात झालेलं ते पहिलं धड भांडण. मी ऑफिसला निघाले होते, ती दारातच थांबून ऐकत राहिले.

मग अण्णांनी पुन्हा दुकानात जायचं ठरवलं. माझा चुलतभाऊ मधल्या काळात सांभाळत होता, पण गादीवर त्यांना स्वतः बसायचं होतं. पहिल्या दिवशी मी रजा टाकून बरोबर गेले. मेट्रोतून उतरून गर्दीतून चालताना ते पडद्यावर हात धरून होते, धुळीसाठी. गल्लीतले लोक भेटायला आले, काहींनी नुसतं लांबून हात जोडले. गिऱ्हाईक आलं तेव्हा खरी अडचण समोर आली. साडी उलगडायला दोन हात लागतात आणि बोलायला त्यातला एक गुंततो. अण्णांनी आधी साडी उलगडली आणि मग नळी शोधली, तोवर त्या बाई पुढच्या दुकानात गेल्या होत्या. दुसऱ्या दोघीजणी मशीनचा आवाज ऐकून एकमेकींकडं बघत उठल्या. अण्णांनी त्या साडीची घडी घातली. चेहरा कोरा होता. दुपारी दुकानात कुणी नसताना ते एका हातानं साडी उलगडायचा सराव करत बसले. घडीचं एक टोक कोपराखाली दाबायचं आणि दुसरं झटकायचं. ती वाकडीच पडायची. संध्याकाळपर्यंत थोडी सरळ पडायला लागली. त्या संध्याकाळी हेब्बाळहून आलेल्या एका मायलेकींनी त्यांच्याकडून लग्नाच्या साड्या घेतल्या. लेक मध्येच म्हणाली, "अंकल, परत सांगता? कळलं नाही." अण्णांनी परत सांगितलं.

फोनचं मात्र अजून चालू आहे. त्यांच्या आवाजात "हॅलो" ऐकलं, म्हणजे "अॅलो" ऐकलं, की लोकांना वाटतं जाहिरातीचा रेकॉर्ड केलेला फोन आला. लगेच ठेवून देतात. मागच्या आठवड्यात मी दुकानात गेले होते तेव्हा ते इलकलच्या एका जुन्या व्यापाऱ्याला फोन लावत होते. समोरच्यानं ठेवला. अण्णांनी पुन्हा लावला. पुन्हा ठेवला. मी म्हणाले, "द्या अण्णा, मी बोलते." त्यांनी फोन माझ्यापासून लांब धरला आणि पुन्हा लावला. या वेळी पलीकडून आवाज येताच त्यांनी नमस्कार-चमत्कार काही न करता कन्नडात सांगितलं, "ठेवू नका. मशीन नाही, माणूस बोलतोय. चिकपेटेतला अण्णा."

पलीकडून फोन ठेवला गेला नाही. मग त्या व्यापाऱ्याचा आवाज मला बाहेरपर्यंत ऐकू आला, तो एकदम मोठ्यानं काहीतरी विचारत होता. अण्णा म्हणाले, "औदु, औदु, मीच," आणि भिंतीकडं तोंड करून त्याच्याशी काठाच्या रंगावरून वाद घालायला लागले. मी माझी पिशवी उचलली आणि मेट्रो पकडायला निघाले.